दोन स्टॉप

रावपुऱ्यात, टॉवरच्या अलीकडे,
जिथे पूर्वी पासपोर्टचे फोटो निघायचे
आणि आता मोबाइलची कव्हरं लटकतात,
तिथे किरीटभाईंनी आतल्या कपाटातून
केळा-वेफरचा जुना डबा काढला
आणि डब्यातून तो.
"टू-एक्स, बेन. मूळ जपानी. अठ्ठावीसशे."
मी विचारलं, कुणाचा?
"डबा माझा. काच एका डॉक्टरची."
डोळ्यांचे?
"ना, जनावरांचे."

एवढासा, लोणच्याच्या बरणीच्या झाकणाइतका,
पण हाताला वजन लागलं.
आत सात भिंगं आहेत म्हणे.
मला एकच दिसलं
आणि त्यात माझा चष्मा, उलटा.

कंपनीचा कोरा घ्यायचा तर छत्तीस हजार.
तेवढ्यात माझ्या दोन दाढा होतात,
आणि त्या आधीपासून रांगेत आहेत.

किरीटभाईंना खरं बोलायची खोड आहे,
म्हणून दुकान अजून एवढंच आहे.
म्हणाले, दुप्पट जवळ दिसेल,
पण उजेड पाव राहील.
"बे स्टॉप जशे."

पस्तीस वर्षं मी भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत
दगडाच्या चकत्या घासल्या,
केसापेक्षा पातळ,
उजेड पलीकडे उतरेपर्यंत.
बेसाल्टसुद्धा शेवटी ऐकतो.
पाव उजेडाची भीती मला घालू नका, म्हटलं,
आणि पंचवीसशे मोजले.
तीनशे वाचले, तरी बसला दहा रुपये द्यायचं जिवावर आलं.
दोन स्टॉप चालत आले.

रविवारी काळ्या घोड्याजवळच्या पुलावर
शितोळे त्यांची तोफ घेऊन आधीच उभे.
माझ्या लेन्सचं लांबलेलं नाक बघून म्हणाले,
"ताई, स्वस्तातला तो. कडा मऊ पडतात."
म्हटलं, पडू देत. वयाला धरून आहे.

खाली विश्वामित्री, चहाच्या गाळासारखी.
काठावर पिशव्या, नारळ, एक फुटकी कुंडी,
आणि चिखल, ज्यातला एक तुकडा मगर होता.
मी बटण अर्धं दाबलं.
मोटर पुढे गेली, मागे आली, पुढे गेली,
लाइट गेल्यावर
चपला शोधणाऱ्या माणसासारखी.
सापडेना.
मग मी तिला बंद केलं
आणि बोटांनी कडं फिरवलं,
सूक्ष्मदर्शकाचं फिरवायचे तसं,
पुढे जाऊन मुद्दाम थोडं मागे.

आणि डोळा आला.

फिकट, सांडपाण्याच्या रंगाचा,
मधोमध एक उभी चीर.
पुलावरून रोज जाणारी मी,
स्कूटरवर, भाजीवर, एकदा शववाहिनीच्या मागे,
आणि हा डोळा खाली, उघडा,
कुणाचीच वाट न बघता.
मगरीसारखं मॉडेल नाही.
सावकाश शटर, पाव उजेड,
सगळं चालतं तिला.
फक्त पाठीवर एक धोबी पक्षी बसला होता,
शेपूट वर-खाली, वर-खाली.
त्याला माझं बजेट माहीत नव्हतं.

शितोळ्यांनी सेकंदाला वीस काढले.
मी एक. नंतर हात कापला.

बुधवारी प्रिंट घेऊन रावपुऱ्यात गेले.
किरीटभाईंनी चष्मा कपाळावर सारला,
फोटो नाकाला लावला, मग लांब धरला.
मगरीचा खवला न् खवला मोजता येतो.
पक्ष्याच्या जागी
ओल्या बोटानं पुसल्यासारखा
एक करडा डाग.

"पक्षी हलला," ते म्हणाले.
हलला, म्हटलं.
जरा वेळ कुणीच बोललं नाही.
बाहेर कुणीतरी कव्हराचा भाव करत होतं.

"पाछो लई लउं, बेन?
पूरे पैसे देईन."

मी पर्स उघडली,
बाहेर काढायला नाही,
जागा करायला.
म्हटलं, तो डबाही द्या.